डेकमधील अनाहूत नाद : एक मीमांसा

चारचाकी वाहनात बसवलेल्या ध्वनियंत्रणेला चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, ती कॅसेटवर चालत असो, पेन ड्राइव्हवर चालत असो किंवा ब्लूटूथवर, सरसकट ‘डेक’ असे म्हटले जाते. आणि या डेकमधून गाण्याशिवाय जे जे काही ऐकू येते, त्या सर्वाला प्रस्तुत विवेचनात ‘अनाहूत नाद’ ही संज्ञा वापरली आहे. शिट्टी, गुणगुण, टकटक, खरखर, बर्र आणि फरफर हे या नादाचे ज्ञात प्रकार होत. मागच्या सीटवरून येणाऱ्या सूचना या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्या तारेतून येत नाहीत आणि त्यांच्यासाठीचा फिल्टर अद्याप बाजारात आलेला नाही.

वाहनमालकांची सर्वसाधारण समजूत अशी असते की, डेकमधून नको तो आवाज येऊ लागला म्हणजे डेक बिघडला. ही समजूत वरकरणी तर्कशुद्ध वाटली, तरी तिच्यापायी आजवर असंख्य निरपराध डेक डॅशबोर्डमधून उपटले गेले आहेत, त्यांच्या जागी नवे, अधिक दिव्यांचे डेक बसवले गेले आहेत आणि जुना आवाज त्या नव्या डेकमधून अधिक स्पष्टपणे ऐकला गेला आहे. वस्तुस्थिती अशी की, डेक हा गाडीतील सर्वांत तिखट कानाचा आणि सर्वांत कमी पोच असलेला घटक असून बॉनेटखाली, सीटखाली किंवा मॅटखाली जे काही गुपचूप चालले असेल, ते तो चारचौघांत बोलून दाखवतो. तेव्हा अनाहूत नाद हा बहुतेक वेळा डेकचा आजार नसतो, तर गाडीविषयीची बातमी असते. आणि बातमी आवडली नाही म्हणून आणणाऱ्यालाच घराबाहेर काढण्याची जी मानवी रीत आहे, तिला वाहनमालक अपवाद नाहीत.

या प्रश्नाचे वय मोटारीतील रेडिओइतकेच आहे. अमेरिकेतील पॉल आणि जोसेफ गॅल्व्हिन या बंधूंच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीसाठीचा रेडिओ आणला, तेव्हा त्यांच्यापुढची एक मोठी अडचण इंजिनाच्या ठिणग्यांची होती. पेट्रोल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडावी लागते आणि प्रत्येक ठिणगी विद्युतचुंबकीय लहरी चहूकडे फेकत असते. त्यामुळे चालत्या गाडीतील श्रोत्याला नभोवाणीच्या कार्यक्रमाबरोबर सिलिंडरांचा कार्यक्रमही, तोसुद्धा अधिक मोठ्याने, ऐकावा लागे. ठिणगीच्या वाटेत रोधक बसवून तिचा जोर मोडण्याची युक्ती त्या काळापासून चालत आली असून आजही पुष्कळ स्पार्क प्लगांच्या पोटात सुमारे ५ किलो-ओहमचा रोधक असतो. पेट्रोल गाडीत गिअर न बदलताही वेगाबरोबर घाईला येणारी टकटक ऐकू येत असेल, तर हा रोधक, प्लगची तार किंवा इग्निशन कॉइल यांपैकी कोणीतरी आपले काम सोडले आहे, असे समजावे. डिझेल इंजिनात हवा दाबूनच इतकी तापवली जाते की इंधन आपोआप पेटते आणि ठिणगीची गरज उरत नाही. त्यामुळे २००० साली बाजारात आलेली आणि या दोन जिल्ह्यांत वरातीपासून वनखात्यापर्यंत सर्वत्र दिसणारी डिझेलची बोलेरो या दोषातून जन्मतःच मुक्त आहे. तिच्या मालकांना मात्र हे समाधान फार काळ लाभत नाही, कारण शिट्टीचा दोष डिझेल आणि पेट्रोल असा भेदभाव करीत नाही.

शिट्टीकडे वळण्यापूर्वी अभ्यासाची पद्धत ठरवणे आवश्यक आहे आणि ती शिकण्यासाठी या भागातील लोकांना दूर जावे लागत नाही. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोब्यात मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारातून जिप्सीत बसणारा गाइड वाघ पाहण्याआधी वाघाविषयी ऐकतो: वानर खाकरले, चितळ ओरडले की तो गाडी थांबवून इंजिन बंद करायला लावतो, चितळ कशालाही घाबरते म्हणून थोडा संशय राखून ठेवतो आणि सांबराचा खोल ‘ढाँक’ आला की मगच चालकाला दिशा दाखवतो. आवाज कोणाचा, कोणत्या क्षणी सुरू झाला आणि कशाने थांबला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय जंगलात कोणी जिप्सी वळवत नाही. हाच गाइड संध्याकाळी स्वतःच्या गाडीत बसून डेकची शिट्टी ऐकतो, तेव्हा मात्र एकही प्रश्न न विचारता डेकच्या डोक्यावर थाप मारतो, ही गोष्ट मानवी बुद्धीच्या विभागणीवर प्रकाश टाकणारी आहे.

शिट्टीचे मूळ अल्टरनेटरमध्ये असते. अल्टरनेटर, ज्याला गॅरेजच्या भाषेत अजूनही ‘डायनामो’ म्हणतात, तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दाब असतो, तो इंजिन सुरू होताच १४ व्होल्टच्या आसपास जातो, हे त्याचेच कर्तृत्व. मात्र अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज उलटसुलट दिशेने वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती असते, आणि ती सरळ करण्यासाठी डायोड नावाचे सहा एकमार्गी दरवाजे बसवलेले असतात. या दरवाजांतून बाहेर पडलेली वीज एका दिशेने वाहते खरी, पण ती सपाट नसते, तिच्यावर बारीक लाटा उरतात. बॅटरी त्या बऱ्याचशा शोषून घेते आणि ज्या उरतात त्या डेककडे जातात. साधारण रचनेच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लाटा उठतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर रेंगाळत असेल आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत असेल, तर लाटांची संख्या सेकंदाला १,२०० भरते. तेच इंजिन २,००० फेऱ्यांवर गेले की ती ३,००० होते. माणसाचा कान सेकंदाला २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबताच शिट्टी नेमकी अशा ठिकाणी चढते, जिथे तिच्याकडे दुर्लक्ष करणे निसर्गानेच अशक्य करून ठेवले आहे.

या शिट्टीचे सार्वजनिक प्रयोग पाहायचे असतील तर झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम गाठावा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात आणि देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे नाट्यमंडळांचे मोठे ठाणे असते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा निघाला, तरी नाटकाने ती सीमा कधी मनावर घेतली नाही. वडशाची मंडळे ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि मूलच्या गावांतही प्रयोग करतात, आणि प्रयोगाच्या आधी गावोगाव भोंगा बांधलेली जाहिरातीची गाडी फिरते. या गाडीतील ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारे यंत्र, गाडीच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते आणि भोंगा तर मधल्या आणि वरच्या स्वरांसाठीच बनवलेला असतो. जाड आवाज त्याला झेपत नाही, बारीक आवाज मात्र तो मनापासून फेकतो. अल्टरनेटरची शिट्टी त्याच पट्ट्यातील असल्यामुळे भोंगा तिचे स्वागत निवेदकापेक्षाही अधिक आपुलकीने करतो. निवेदक ‘तीन अंकी, हृदयाला पीळ पाडणारे’ इथपर्यंत येऊन श्वास घेण्यासाठी थांबतो आणि त्या अवकाशात सबंध गावाला कळते की, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, ती ग्रामपंचायतीपाशी तिसऱ्यात गेली आणि पुढे म्हैस आडवी आल्यामुळे पुन्हा दुसऱ्यात आली आहे. झाडीपट्टी रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीचा यथोचित गौरव झाला. गावोगावच्या जाहिरातीला पार्श्वसंगीत देणाऱ्या अल्टरनेटरचा उल्लेख मात्र आजवर कोणत्याही हँडबिलावर झालेला नाही.

खरखर हा प्रकार मुख्यतः रेडिओचा आहे. मध्यमलहरींवरील प्रक्षेपणात आवाजाची माहिती लहरीच्या उंचीत भरलेली असते आणि वीज, ठिणगी, मोटर असे सारे उपद्रवी लोक लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करतात. एफएम प्रक्षेपणात माहिती लहरींच्या संख्येतील चढउतारांत असते आणि उंचीतील गडबड ग्राहकयंत्र छाटून टाकते, म्हणून एफएम तुलनेने स्वच्छ वाजतो. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे आणि एवढी वीज जिल्ह्याबाहेर न्यायची म्हणजे तिच्यासाठी उच्चदाबाच्या तारांचे जाळे लागते. अशा तारांखालून जाताना नागपूर आकाशवाणीची मध्यमलहरी लावून ठेवलेली असेल, तर बातम्या एकाएकी कढईत पडल्यासारख्या तडतडू लागतात, कारण तारेभोवतीची हवा आणि धुळीने माखलेल्या चिनी मातीच्या चकत्या यांतून सूक्ष्म विद्युतस्फुरण चाललेले असते. हा अनाहूत नादाचा एकमेव असा प्रकार आहे, ज्यावर गाडी पुढे नेणे हाच पूर्ण आणि मोफत उपाय आहे. तरीसुद्धा याच ठिकाणी गाडी थांबवून डेक तपासणारे लोक दिसतात.

चौथा प्रकार मोबाइलजन्य असून गडचिरोलीच्या अंतर्भागात त्याला वेगळेच महत्त्व आहे. टू-जी पद्धतीचा मोबाइल टॉवरशी बोलताना सलग लहर सोडत नाही, तर सेकंदाला सुमारे २१७ वेळा थांबून थांबून सोडतो. डेकच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या तारा ही लहर पकडतात आणि तिचे ‘टिडिक टिडिक बर्र’ असे रूपांतर करून ऐकवतात. टॉवर जवळ असला की मोबाइल हळू बोलतो, लांब असला की जीव तोडून, म्हणजे २ वॉटपर्यंतच्या शक्तीने ओरडतो. आणि टॉवर अजिबात नसेल तेव्हा तो गप्प राहून नुसता कानोसा घेतो. म्हणून चंद्रपूर शहरात जो ‘बर्र’ केवळ वैतागाचे कारण ठरतो, तोच एटापल्ली किंवा भामरागडच्या वाटेवर शुभवार्ता ठरतो. आलापल्लीच्या पुढे बराच वेळ मुकी असलेली गाडी एका वळणावर ‘टिडिक’ म्हणते, तेव्हा गाणे ऐकत असलेले सर्व प्रवासी एकदम खिशात हात घालतात, चालक न सांगता वेग कमी करतो आणि आधीच्या तीन दिवसांचे निरोप एकावर एक येऊन आदळतात. नवे फोर-जी मोबाइल अशी तुटक लहर सहसा सोडत नाहीत, त्यामुळे हा नाद हळूहळू दुर्मीळ होत आहे. तो नाहीसा झाल्यावर त्या वळणाला कोण ओळखेल, हा प्रश्न दूरसंचार धोरणात अनुत्तरित आहे.

फरफर मात्र विजेची नसून पदार्थाची आहे. स्पीकरमध्ये चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचे एक हलके वेटोळे, म्हणजे व्हॉइस कॉइल, मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला कागदी शंकू हवा ढकलतो. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे नित्याचे असून बंद गाडीच्या दारात तो आणखी चढतो. तिथे शंकूच्या कडेचा गोंद आणि रबर किती काळ धर्माला जागतील, यालाही मर्यादा आहे. त्यात रस्त्याची धूळ भर घालते, कारण चुंबक स्वभावाला अनुसरून तिच्यातील लोखंडी कण जवळ करतो आणि ते फटीत बसून वेटोळ्याला घासू लागतात. घुग्घुसकडचा कोळशाचा रस्ता आणि सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांचा रस्ता अशा दोन्ही धुळींचा लाभ एकाच गाडीला होऊ शकतो, ही या प्रदेशाची भौगोलिक श्रीमंती होय. तथापि फरफरीचा आरोप स्पीकरवर ठेवण्यापूर्वी गाडी उभी करून तेच गाणे त्याच आवाजात पुन्हा ऐकावे. उभ्या गाडीत फरफर थांबली, तर दोषी स्पीकर नसून नंबर प्लेट, जॅक, सीटबेल्टचा बकल किंवा ‘उद्या काढू’ म्हणून डिकीत ठेवलेला मागच्या लग्नाचा पितळी डबा असतो.

या सर्व प्रकारांहून खोल असा एक दोष आहे, आणि शिट्टी असो वा गुणगुण, बहुतेक प्रकरणांची चौकशी शेवटी त्याच्याच दारात येऊन थांबते. गाडीत प्रत्येक उपकरणापर्यंत वीज नेण्यासाठी तार असते, पण परत आणण्यासाठी स्वतंत्र तार टाकण्याऐवजी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरला जातो. या परतीच्या वाटेला ‘बॉडी अर्थ’ किंवा ‘अर्थिंग’ म्हणतात. ही काटकसर मोठ्या विजेलाही माहीत आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत १९९९ पासून सुमारे ७५० किलोमीटरची, ५०० किलोव्होल्ट दाबाची आणि १,५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश वाहिनी आहे, आणि अशा द्विध्रुवी वाहिन्यांत एक ध्रुव निकामी झाला, तर काही काळ प्रत्यक्ष पृथ्वीकडून परतीच्या तारेचे काम करून घेण्याची सोय करता येते. पृथ्वी सोशिक आहे. गाडीचा पत्रा तितका नाही. अर्थिंगच्या जोडात अवघा ०.०५ ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून ॲम्प्लिफायरचे २० अँपिअर वाहू लागले, तर त्या ठिकाणी १ व्होल्टचा फरक पडतो. डेककडून ॲम्प्लिफायरकडे येणारे गाणे स्वतःच जेमतेम २ ते ४ व्होल्टचे असते. ज्या पातळीला सर्वांनी शून्य मानायचे, तीच व्होल्टभर डुलू लागली, तर गाण्याने सुरात राहावे तरी कशाच्या आधारावर? शिवाय डेकचे अर्थिंग डॅशबोर्डच्या मागे आणि ॲम्प्लिफायरचे मागच्या सीटखाली असे दोन ठिकाणी असेल, तर त्या दोन शून्यांमधील तफावत भरून काढण्यासाठी वीज गाण्याच्या तारेच्या जाळीतूनच फेऱ्या घालू लागते. या फेऱ्याला ग्राउंड लूप म्हणतात आणि अल्टरनेटरच्या लाटा त्यात बसून थेट स्पीकरपर्यंत फुकट प्रवास करतात.

हा जोड प्रत्यक्षात कसा दिसतो, हे पाहण्यासारखे आहे. मागची सीट उचलून मॅट सरकवली की प्रथम लाल माती लागते, मग लिमलेटच्या गोळीचा कागद, वाळलेले मोहाचे पान आणि त्याखाली दहाच्या पान्याने उघडणारा एक बोल्ट, ज्याच्या वायसरखाली काळ्या तारेचे टोक चेपलेले असते. बसवणाऱ्याने रंग न खरवडताच तार आवळलेली असल्यामुळे तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये कंपनीचा मूळ रंग शाबूत असतो. रंग विजेला जवळजवळ अडवतो, म्हणून सारी वीज बोल्टच्या दोन-तीन आट्यांवरून कशीबशी पलीकडे जात असते, आणि गडचिरोलीचा पावसाळा त्या आट्यांवर तांबूस गंज चढवून उरलेली वाटही अरुंद करीत असतो. बोल्ट काढून, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासून, दातेरी वायसर घालून पुन्हा घट्ट आवळणे आणि वरून थोडे ग्रीस लावणे, एवढाच याचा इलाज आहे. उपाय इतका स्वस्त असल्यामुळेच त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ऑटो इलेक्ट्रिशियन हात पुसत म्हणतो, “डेक बरोबर आहे जी, अर्थ लूज होता,” आणि मालक शिट्टी थांबलेली ऐकूनही विचारतो, “पण भाऊ, मोठा प्रॉब्लेम काय होता?”

अनाहूत नादाच्या निवारणासंबंधी लोकांत पाच संप्रदाय प्रचलित आहेत. पहिला आणि सर्वांत मोठा संप्रदाय आवाजवर्धनवादी असून गाण्याचा आवाज वाढवला की शिट्टी ऐकू येत नाही, हे त्याचे तत्त्व आहे. ते खोटे नाही, फक्त त्यानंतर हॉर्न, रेल्वेचे फाटक आणि पत्नीही ऐकू येत नाही. दुसरा थापवादी संप्रदाय डेकला वरून मारतो. या पद्धतीची विद्वानांनी उपेक्षा केली असली, तरी तिला शास्त्रीय आधार आहे, कारण थापेमुळे सैल पडलेला कपलर, म्हणजे तारांचा प्लास्टिकचा जोड, क्षणभर नीट बसतो; थापेने फरक पडणे हाच जोड सैल असल्याचा पुरावा होय, पण पुरावा मिळाल्यावर थापवादी तपास थांबवतो आणि पुढची थाप राखून ठेवतो. तिसरा बदलवादी संप्रदाय आधी डेक, मग ॲम्प्लिफायर, मग स्पीकर आणि शेवटी इलेक्ट्रिशियन बदलतो. चौथा मूषकवादी संप्रदाय सर्व दोष उंदरांवर टाकतो, आणि धानाच्या कोठाराशेजारी गाडी उभी करणाऱ्या गावांत तो अनेकदा बरोबरही ठरतो. बॉनेटखाली डांबरगोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या ठेवण्याची प्रथा याच संप्रदायाची, जरी उंदीर त्यांना कितपत जुमानतात याविषयी उंदरांचे आणि मालकांचे मत भिन्न आहे. पाचवा संप्रदाय फिल्टरवादी असून त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे करावा लागेल.

शास्त्रशुद्ध पद्धत या पाचांहून निराळी आहे, आणि तिच्यात काहीही विकत घ्यावे लागत नसल्यामुळे तिला अनुयायी मिळालेले नाहीत. तिचे सूत्र असे की, एका वेळी एकच गोष्ट काढावी आणि ऐकावे. प्रथम इंजिन बंद करून केवळ चावीवर डेक लावावा. आवाज गेला तर मूळ इंजिनाच्या बाजूला आहे. मग इंजिन सुरू ठेवून डेकचा आवाज शून्यावर आणावा. शिट्टी तशीच राहिली, तर ती डेकच्या पुढे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे किंवा मधल्या तारांत शिरते आहे, आणि डेकबरोबर ती लहानमोठी होत असेल, तर ती डेकमध्ये किंवा त्याच्याही अलीकडे शिरते आहे. त्यानंतर ॲम्प्लिफायरच्या मागच्या गाण्याच्या पिना काढाव्यात. तरीही शिट्टी चालू असेल, तर ॲम्प्लिफायरची वीज आणि अर्थिंग पाहावे. गाण्याच्या तारा आणि बॅटरीची जाड तार एकाच बाजूने, एकाच चिकटपट्टीत गुंडाळून नेल्या असतील, तर एक डाव्या दारातून आणि दुसरी उजव्या दारातून न्यावी. नुसता सुस्कारा येत असेल, ना शिट्टी ना टकटक, तर ॲम्प्लिफायरवरचा गेनचा स्क्रू कोणीतरी ‘पॉवर जास्त येते’ म्हणून टोकापर्यंत पिळलेला आहे, असे खुशाल समजावे. आणि या सर्वांच्याही आधी, मोबाइल चार्जरला लावून त्यातूनच तारेने गाणी वाजवली जात असतील, तर चार्जर काढून पाहावा, कारण स्वस्त चार्जर स्वतः विजेची कापाकापी करून आवाज निर्माण करतो आणि वर आणखी एक ग्राउंड लूपही जोडून देतो. आजच्या काळातील कितीतरी तक्रारी या एका कृतीने मिटतात. फक्त ज्याने दोन दिवस मेहनत करून ॲम्प्लिफायर उघडला आहे, त्याच्यादेखत ती करू नये.

राहिला फिल्टरवादी संप्रदाय. फिल्टर म्हणजे तारेचे वेटोळे आणि कॅपॅसिटर असलेली एक डबी. ती डेकच्या विजेच्या तारेत बसवली की वेटोळे लाटांना अडवते आणि कॅपॅसिटर उरलेल्यांना परस्पर अर्थिंगकडे पाठवतो. डबी चांगली असेल तर काम करते, याविषयी शंका नाही. शंका आहे ती तिने काय लपवले याविषयी. अल्टरनेटरच्या सहा डायोडांपैकी एक निकामी झाला, तर लाटा एकदम मोठ्या होतात आणि शिट्टीचा पोत बदलून ती घोगरी होते, बॅटरी पुरेशी भरेनाशी होते, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागण्याच्या कितीतरी आधी डेक ही गोष्ट जीव तोडून सांगू लागतो. फिल्टरवादी मालक डबी बसवून त्याचे तोंड बंद करतो, समाधानाने टाळी देतो आणि एका संध्याकाळी आलापल्लीच्या पलीकडे, सागाच्या रानात, चहासाठी थांबून परत चावी फिरवतो, तेव्हा सेल्फ एकदा कण्हून गप्प होतो. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, शंभरावर अँपिअर लागतात आणि मरणपंथाला लागलेली बॅटरी ते देऊ शकत नाही. डेकला मात्र दोन-चार पुरतात आणि तेवढे ती शेवटपर्यंत देत राहते. त्यामुळे सर्व पुरुष मंडळी बाह्या सारून धक्का मारत असताना आत गाणे चालूच असते, आणि इंजिन बंद, अल्टरनेटर स्तब्ध, टॉवर पल्ल्याबाहेर अशा आदर्श परिस्थितीत त्या डेकच्या आयुष्यातील सर्वांत निर्मळ, निर्दोष आणि शिट्टीविरहित आवाज धक्का मारणाऱ्यांच्या कानी पडतो. त्यांच्यापैकी कोणीतरी धापा टाकत का होईना, डेक कुठून घेतला, हे विचारल्याशिवाय राहत नाही.